राखणीच्या कुत्र्याचा हिवाळा: आधी ओल आणि वारं अडवा

मंडळी, थंडी पडायला लागली की आपण गोठ्याला पडदे लावतो, वासरांखाली काड टाकतो, रोपांवर आच्छादन घालतो, आणि या सगळ्याची रात्रभर राखण करणारा कुत्रा मात्र सगळ्यात शेवटी आठवतो, कारण त्याला केस आहेत की, त्याला काय होतंय असं आपण धरून चालतो. केस आहेत हे खरं आहे. पण केसांचं काम काय तर अंगालगतची हवा धरून ठेवायची, आणि ते काम फक्त कोरडे, मोकळे केस करतात. भिजले की चिकटतात, जोराचं वारं असलं की फाकतात, आणि केसांत मळाच्या गाठी असतील तर त्यात हवा राहतच नाही. म्हणून नुसता थर्मामीटरचा आकडा बघून कुत्र्याची थंडी कळत नाही. हवा 0 डिग्री असताना ताशी 30 किलोमीटरचं वारं सुटलं तर माणसाच्या उघड्या कातडीला ते उणे 6 सारखं लागतं, आणि कुत्र्याचे कान, पोट, मांड्यांच्या आतली बाजू जवळपास उघडीच असते.

मी हे शिकलो ते माझ्या कुत्रीमुळे. पहिल्या वर्षी तिला चांगलं ऐसपैस घर बांधलं होतं, मी स्वतः वाकून आत बसू शकेन एवढं, खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रा, आत दोन जुन्या गोधड्या. मला वाटलं आता हिला कसली काळजी. एका पहाटे बघतो तर कुत्री घर सोडून बाहेर कडब्याच्या गंजीला पोकळ करून त्यात वेटोळं घालून पडलेली. मी घरात हात घातला तर गोधडी ओली गच्च, आणि वरच्या पत्र्यावरून थेंब टपकत होते. तिच्याच श्वासाची वाफ वर जाऊन गार पत्र्याला लागत होती आणि पाणी होऊन तिच्याच अंगावर पडत होती. घर मी बांधलं होतं, पण कुठे झोपायचं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

तर घर लहान पाहिजे. कुत्र्याच्या घरात दुसरी शेगडी नसते, त्याचं अंग हीच शेगडी, आणि तेवढ्या उबेत जेवढी जागा गरम होईल तेवढीच जागा द्यायची. त्याला आत जाऊन वळता यावं, बसल्यावर डोकं छताला घासू नये आणि वेटोळं मोडून आडवं पडता यावं, बास. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजा, त्यात वीतभर मिळवा, झाली लांबी. दोन कुत्रे एकमेकांशी पटवून घेत असतील तर दोघांना एकच जरा मोठं घर द्या, एकमेकांना ऊब देतात. पण एखादा कुत्रा दुसऱ्याला आत येऊ देत नसेल तर तो दुसरा सगळी रात्र बाहेर काढतो आणि सकाळी आपल्याला कळतही नाही, तेव्हा रात्री एकदा बॅटरी मारून बघत जा.

घर जमिनीवर टेकवू नका. खाली विटा ठेवा नाहीतर लाकडी पॅलेट टाका, 10 ते 15 सेंटिमीटर वर उचला, खालून हवा खेळली की तळ कोरडा राहतो. सिमेंटचा कोबा अंगातली ऊब ओढून घेतो, पत्रा तर त्याहून जास्त, म्हणून भिंती लाकडाच्या किंवा प्लायवूडच्या बऱ्या. पत्र्याचंच घर असेल तर आतून लाकूड मारा. मधे थर्माकोलची शीट घालता येते पण ती दोन्ही बाजूंनी झाकलेली पाहिजे, कुत्रा उघडं थर्माकोल कुरतडणारच आणि ते पोटात गेलं की आतडं अडकतं.

दार वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि भिंतीच्या मधोमध न ठेवता एका कडेला. म्हणजे कुत्रा दुसऱ्या कडेच्या कोपऱ्यात पडला की वारं थेट अंगावर येत नाही. जमलं तर आत दाराला लागून एक आडवी फळी उभी करा, कुत्रा तिला वळसा घालून आत जाईल, वारं तिथेच अडेल. दार खांद्याच्या रुंदीपेक्षा थोडंसंच मोठं, खाली उंबरा पाहिजे नाहीतर अंथरूण सगळं बाहेर येतं, आणि वरून जाड रबराचा किंवा कॅनव्हासचा पडदा, मधून चिरलेला. नवीन पडद्याला कुत्रा घाबरतो, आठ दिवस तो वर बांधून ठेवा, मग अर्धा सोडा, मग पूर्ण. एकदम सोडला तर तो आत जाणारच नाही आणि आपण म्हणणार की याला घर आवडत नाही.

आता ज्या गोष्टीवर लोक माझ्याशी वाद घालतात ती म्हणजे भोक. वाऱ्याच्या उलट बाजूला, छताच्या अगदी खाली, दोनतीन बोटं मावतील एवढं भोक ठेवाच. सगळं बंद केलं की ऊब राहील असं वाटतं पण राहते ती ओल, आणि मुताचा वास कोंडून नाक-घसा चुरचुरतो, खोकला लागतो. सकाळी डोकं आत घालून बघा, तुमच्या डोळ्याला झोंबलं तर तो रात्रभर त्यातच होता. छत उचलता येईल असं बिजागरीवर करून घेतलं तर साफसफाई सोपी होते आणि आपण ती खरंच करतो.

अंथरुणासाठी गोधडी, पोतं, सतरंजी काही नको. कापड पाणी पितं आणि धरून ठेवतं, कडाक्याच्या थंडीत तर गोठून फळीसारखं होतं. गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा घ्या. काडी आतून पोकळ असते, तिच्यात हवा राहते, आणि वरचं पाणी ती पटकन शोषत नाही, खाली निथळू देते. वाळलेलं गवत दिसायला मऊ असतं पण ते ओल धरतं आणि बुरशी लवकर येते. भुसा धूळ करतो, नाकात जातो. पेंढा किती घालायचा तर भरपूर, दाबून दीड वीत तरी, म्हणजे कुत्रा त्यात खड्डा करून आत शिरेल आणि नाक शेपटीखाली घेऊन पडेल. वासराला बघताना आपण बघतो ना की बसल्यावर पाय काडात बुडाले का, तसंच इथे बघा, पडलेल्या कुत्र्याचे पाय दिसत असतील तर पेंढा कमी आहे.

आणि रोज सकाळी कुत्रा बाहेर आला की लगेच गुडघे टेकून आत हात घाला, वरवर नाही, तळापर्यंत. जिथे तो पडला होता तिथे हाताला कोमट आणि कोरडं लागलं पाहिजे. गार आणि दमट लागलं तर तो पेंढा त्याच दिवशी काढा, उद्यावर टाकू नका. एरवी आठवड्याला वरून थोडा नवीन टाका आणि पंधरा दिवसांनी सगळा बदला. जुन्या पेंढ्यात पिसवा आणि उंदीर दोन्ही घर करतात, उंदराच्या मुतातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लागण होऊ शकते, म्हणून लसीकरण थंडीच्या आधीच उरकून घ्या आणि जंताचं औषधही. उंदरांसाठी विषाच्या गोळ्या मात्र केनेलच्या, म्हणजे कुत्र्याच्या घराच्या, आसपास टाकू नका, कुत्रा गोळी खातो नाहीतर विष खाल्लेला उंदीर खातो, दोन्हीत रक्त गोठायचं थांबतं.

पाण्याचं सांगतो. थंडीत कुत्रा पाणी कमी पितो म्हणून आपणही कमी लक्ष देतो, पण कामाच्या कुत्र्याचं धापा टाकून पाणी जातंच, आणि कोरड्या गार हवेत जास्त जातं. पाणी गोठत असेल तर दिवसातून तीनदा कोमट पाणी द्या, जाड रबराच्या टोपल्यात, उलटं करून आपटलं की बर्फ निघतो आणि भांडं फुटत नाही. धातूचं भांडं कडाक्याच्या थंडीत जिभेला चिकटतं. बर्फ चाटतोय म्हणजे भागतंय असं समजू नका, बर्फ वितळवायला त्याचीच ऊब खर्च होते. एक युक्ती मला फार उपयोगी पडली, संध्याकाळचं खाणं पातळ करून कोमट द्यायचं, पाणी आपोआप पोटात जातं.

खाण्याचा हिशोब असा की 25 किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण 780 किलोकॅलरी लागतात, दिवसभर जनावरांमागे पळणाऱ्याला त्याच्या दोनतीन पट, आणि रात्री बाहेर राहणाऱ्याला अंग गरम ठेवायला त्यावर आणखी. नुसता पसाभर खुराक वाढवला तर पोट भरतं पण ताकद पुरत नाही. चरबीच्या एका ग्रॅमला 9 किलोकॅलरी मिळतात आणि पिठाच्या किंवा प्रथिनाच्या एका ग्रॅमला 4, म्हणून चरबी वाढवा, पण आठदहा दिवसांत हळूहळू, एकदम घातली तर हगवण लागते आणि स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मोठं जेवण संध्याकाळी काम संपल्यावर, अंग निवल्यावर द्या. भरल्या पोटी कामाला सोडू नका, मोठ्या छातीच्या कुत्र्यांना पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. आणि केसांवर जाऊ नका, दाट केसांखाली कुत्रा कधी वाळला ते डोळ्याला दिसत नाही. आठवड्यातून एकदा बरगड्यांवरून हात फिरवा, हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत पण धारेसारख्या टोचायला नकोत.

भिजलेला कुत्रा तसाच केनेलमध्ये गेला की वरची सगळी मेहनत वाया. काम झालं की पोट, काखा, पंजे कोरड्या पोत्याने किंवा टॉवेलने पुसा, बोटांमधला चिखल-बर्फ काढा, तिथले वाढलेले केस कापा म्हणजे गोळे होत नाहीत. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर पंजे कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा. आखूड केसांच्या कुत्र्याला झूल घालायला हरकत नाही, पण ती ओली झाली की लगेच उतरवा, आणि कोरडी असली तरी रोज एकदा काढून काखेत घासतंय का बघा. सकाळी कामाला सोडायच्या आधी दहा मिनिटं साध्या चालीने फिरवा, गार पडलेल्या स्नायूंनी एकदम धाव घेतली की लचक भरते. आणि लंगडतोय म्हणून माणसाची दुखण्याची गोळी देऊ नका, आयबुप्रोफेन तर अजिबात नको, पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात.

आत उजेडाचा बल्ब, हिटर, निखाऱ्यांची शेगडी यातलं काही ठेवू नका. कोरडा पेंढा आणि गरम बल्ब, कुत्र्याने शेपटी हलवली तरी पडेल, आग लागायला वेळ लागत नाही. निखाऱ्यांचा धूर दिसत नसला तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत झोपेतच जीव घेतो. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये घालायचा अँटीफ्रीझ तसाच घातक, चवीला गोड असतो, कुत्रे आवडीने चाटतात, आणि 20 किलोच्या कुत्र्याला 100 मिलीच्या आसपास पुरतो. आधी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, ओकतो, मग बरा वाटायला लागतो, आणि इथेच आपण फसतो, कारण आतून मूत्रपिंडं बंद पडत असतात. चाटल्याचा नुसता संशय आला तरी त्याच तासाला डॉक्टरकडे न्या, उतारा पहिल्या 8 ते 12 तासांतच खरा उपयोगी पडतो. सांडलेलं पुसून काढा, डबा उंच आणि बंद ठेवा.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 डिग्रीच्या आसपास असतं. थंडी बाधायला लागली की तो कुडकुडतो, पाय उचलून धरतो, पाठ कमानीसारखी करतो, हाक मारली तरी येत नाही. कुडकुडणारा कुत्रा अजून लढतोय. कुडकुडणं थांबलं आणि तो सुस्त पडला, हिरड्या फिक्या पडल्या, चालताना अडखळायला लागला तर शरीर हरायला लागलंय, तापमान बहुतेक 35 च्या खाली गेलेलं असतं. लगेच आडोशाला घ्या, कोरडा करा, कोरड्या रगात गुंडाळा, कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीला आणि पोटाला लावा, पायांना नाही, आधी मधलं अंग गरम झालं पाहिजे. कढत पाण्यात घालू नका, आगीजवळ ठेवू नका, आणि डॉक्टरला फोन लावा. कानाची टोकं, शेपटी, बोटं, सड, नराच्या वृषणाची कातडी इथे हिमदंश होतो, कातडी फिकी, राखाडी, कडक दिसते. तिथे चोळू नका, आतल्या पेशी फाटतात.

शेवटचं, कोण बाहेर राहू शकतो ते. दाट दुहेरी केसांचा, धडधाकट, उन्हाळा संपल्यापासून बाहेरच झोपणारा कुत्रा थंडीला सरावतो, त्याची लव त्या हिशोबाने वाढते. आतापर्यंत घरात झोपलेल्याला ऐन थंडीत अचानक बाहेर काढू नका. पिल्लं, आजारी, आखूड केसांचे, आणि सांधे धरलेले म्हातारे कुत्रे रात्री आतच पाहिजेत. व्यायला झालेली कुत्री तर नक्कीच, पहिल्या आठवड्यात पिल्लांना कुडकुडताही येत नाही, त्यांच्याजवळ 30 डिग्रीच्या आसपास ऊब लागते आणि ती केनेलमध्ये मिळत नाही.

माझी ती कुत्री आता बारा वर्षांची झालीय. दोन वर्षांपासून ती गोठ्याच्या आत, दाराच्या फटीला लागून पेंढ्यात झोपते, आणि बाहेर काही खुट्ट झालं की आधी तीच भुंकते, बाहेरचे दोघे मागून उठतात. पहाटे पाचला, जेव्हा गारठा सगळ्यात जास्त असतो, मी आधी तिच्याखाली हात घालतो आणि मग दूध काढायला बसतो.