रुग्णालयासाठी डेटाबेस कसा उभारावा: केसपेपरपासून बॅकअपपर्यंत

संगणकासमोर बसण्याआधी एक अख्खा दिवस वॉर्डात काढा. हे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगतो, आणि बहुतेकांना ते वेळ वाया घालवण्यासारखं वाटतं. पण रुग्णालयातली नोंद लिहिणारा एक असतो आणि वाचणारा भलताच. दुपारी ओपीडीत डॉक्टरांनी लिहिलेलं रात्री दोन वाजता ड्युटीवरचा दुसरा डॉक्टर वाचतो. त्याने हा रुग्ण आधी कधी पाहिलेला नसतो, विचारायला नातेवाईक जवळ नसतात आणि निर्णय पाच मिनिटांत घ्यायचा असतो. तुमचा डेटाबेस त्या माणसासाठी आहे. पुढची प्रत्येक पायरी त्याला डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

पायरी १: एका रुग्णाच्या मागे फिरा

नोंदणीच्या काउंटरपासून सुरुवात करा. तिथून ओपीडी, लॅब, औषधांची खिडकी, वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, बिलिंग आणि डिस्चार्ज. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी टिपून घ्या: काय लिहिलं जातं, कोण लिहितं आणि नंतर ते कोण वाचतं. एकच नाव, एकच वय सहा-सात रजिस्टरांत उतरवलेलं दिसेल, आणि त्यातल्या दोन ठिकाणी तरी ते जुळत नसेल. कोणत्या कागदाशिवाय काम अडतं आणि कोणता कागद केवळ सवयीने भरला जातो, हेही इथेच कळतं. सवयीचे कागद संगणकावर आणू नका.

सिस्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: ही नोंद चुकली तर कोणाचं काय बिघडेल? मिळालेली उत्तरं जपून ठेवा. कोणता रकाना सक्तीचा आणि कोणता ऐच्छिक, हे पुढे त्यांवरूनच ठरेल.

पायरी २: रुग्णाची ओळख पक्की करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ओळख चुकली की पुढचा सगळा डेटा कितीही नेटका असला तरी चुकीच्या माणसाच्या नावावर जातो.

प्रत्येक रुग्णाला एक कायमचा नंबर द्या, आणि त्या नंबरात कोणताही अर्थ कोंबू नका. नावाची आद्याक्षरं नकोत, जन्मवर्ष नको, विभागाचा कोड नको. आज बरोबर वाटणारी माहिती उद्या बदलते, नंबर मात्र बदलता येत नाही. मोबाइल नंबरला ओळख मानू नका. एका घरातली चार माणसं एकच नंबर देतात आणि वर्षभराने तो नंबर दुसऱ्याच कोणाकडे असतो. सरकारी ओळखपत्राचा क्रमांक वेगळ्या रकान्यात जरूर ठेवा, पण त्यावर सगळं अवलंबून ठेवू नका. नुकत्याच जन्मलेल्या बाळाकडे ओळखपत्र नसतं, आणि अपघातातून बेशुद्धावस्थेत आणलेल्या माणसाचं नावही कोणाला माहीत नसतं. अशा दोघांचीही नोंद अर्ध्या मिनिटात झाली पाहिजे. जुळी बाळं असतील तर जन्माच्या क्षणापासून दोघांना दोन स्वतंत्र नंबर द्या आणि आईच्या नंबराशी जोडा.

नंबराच्या शेवटी एक तपासणी अंक ठेवा. बाकीच्या अंकांवर ठराविक गणित करून तो काढतात. टाइप करताना एखादा अंक चुकला की हिशोब जुळत नाही आणि संगणक तिथेच थांबवतो. क्रेडिट कार्डांच्या क्रमांकांत वापरली जाणारी लून पद्धत यासाठी पुरेशी आहे. एक अंक चुकला तर ती हमखास पकडते, शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडते.

वय साठवू नका, जन्मतारीख साठवा. वय दरवर्षी खोटं ठरतं. तारीख नक्की माहीत नसेल तर अंदाजे तारीख लिहा आणि शेजारी ‘अंदाजे’ अशी खूण ठेवा. ही खूण नसेल तर दहा वर्षांनी १ जानेवारीला जन्मलेले शेकडो रुग्ण दिसतील आणि त्यांतले खरे कोणते ते सांगता येणार नाही.

काळजी घेऊनही एकाच माणसाच्या दोन फायली तयार होतातच. त्या जोडताना जुना नंबर पुसू नका. ‘हा नंबर आता त्या नंबराकडे पाहा’ असा दुवा ठेवा, म्हणजे चूक झाली असेल तर जोड उलटवता येईल. माझं ठाम मत आहे की एका माणसाच्या दोन फायली असणं त्रासाचं असतं, पण दोन माणसांची एक फाइल होणं जिवावर बेततं. एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या पानावर दिसू लागतो. म्हणून नाव आणि जन्मतारीख जुळली तरी जोडण्याचा निर्णय संगणकावर सोपवू नका. त्याने संशयित जोड्यांची यादी द्यावी, खात्री माणसाने करावी.

पायरी ३: टेबलं आखा

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याची पद्धत, मांडलं. आजही बहुतेक रुग्णालयीन प्रणालींचा पाया तोच आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बोट दाखवायचं. पत्ता रुग्णाच्या टेबलात एकदाच लिहिला की बिल, लॅब आणि औषधखिडकी तिथूनच वाचतात.

सुरुवातीला एवढी टेबलं पुरतात: रुग्ण, भेट, डॉक्टर व कर्मचारी, बेड, तपासणीची मागणी, तपासणीचा निकाल, औषधाची मागणी, दिलेलं औषध, बिलाच्या ओळी. यातलं मधलं खोड म्हणजे ‘भेट’. रुग्ण एकच असतो, पण तो मार्चमध्ये तापासाठी ओपीडीत येतो आणि ऑगस्टमध्ये शस्त्रक्रियेसाठी अ‍ॅडमिट होतो. प्रत्येक तपासणी, औषध आणि बिल रुग्णासोबत त्या-त्या भेटीलाही जोडलेलं हवं. हे जमलं नाही तर मार्चचा रिपोर्ट ऑगस्टच्या केसपेपरवर जाऊन बसतो.

‘औषधाची मागणी’ आणि ‘दिलेलं औषध’ ही दोन टेबलं एक करण्याचा मोह होतो. करू नका. डॉक्टरांनी लिहून दिलं आणि रुग्णाला प्रत्यक्ष मिळालं, यांत अंतर पडतं. उलटी झाली, औषध संपलं होतं, रुग्ण एक्स-रेसाठी खाली गेला होता, अशी कारणं रोजची. रात्रीच्या डॉक्टरला ‘दिलेलं औषध’ या टेबलाची गरज असते.

एकाच जागी लिहिण्याच्या नियमाला दोन अपवाद मुद्दाम करा. बिलाच्या ओळीत त्या दिवसाचा दर उतरवून ठेवा, आणि लॅबच्या निकालासोबत त्या दिवशी लागू असलेली सामान्य पातळी. दर बदलतात, लॅबचं मशीन बदललं की पातळीही बदलते. जुनं बिल नव्या दराने आणि जुना रिपोर्ट नव्या पातळीने दिसता कामा नये.

पायरी ४: रिकाम्या रकान्याचा अर्थ ठरवा

एक रकाना जवळून पाहू. ‘औषधांची अ‍ॅलर्जी’. रात्रीच्या डॉक्टरला तो रिकामा दिसला. याचा अर्थ अ‍ॅलर्जी नाही असा, की कोणी विचारलंच नाही असा? पेनिसिलिनचं इंजेक्शन भरलेल्या हाताला हा फरक कळलाच पाहिजे. म्हणून इथे तीन स्पष्ट पर्याय द्या: ‘विचारलं, नाही म्हणाले’; ‘विचारलं, आहे आणि ती अमुक’; ‘अजून विचारलेलं नाही’. तिसरा पर्याय पडद्यावर ठळक रंगात दिसू द्या. ‘आहे’ निवडलं तर कशाची आणि काय झालं होतं, हेही विचारा. पोटात मळमळणं आणि श्वास कोंडणं एका मापाने मोजता येत नाही.

असे रकाने शोधत बसा: गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधं, आधीच्या शस्त्रक्रिया. प्रत्येक ठिकाणी ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ वेगळे ठेवा.

मात्रेचा आकडा आणि त्याचं एकक दोन वेगळ्या रकान्यांत हवेत, आणि एकक यादीतूनच निवडलं जावं. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. मोकळ्या मजकुरात लिहू दिलं तर दोन्हींचे दहा प्रकारचे संक्षेप तयार होतात.

निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी ही आजारांच्या संकेतांची सूची वापरा. तिची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण दहावी अजून पुष्कळ ठिकाणी चालते. लॅबच्या तपासण्यांसाठी लॉइंक हे संकेत आहेत. संकेत नसतील तर ‘मधुमेह’, ‘डायबेटिस’ आणि ‘शुगर’ या तीन वेगळ्या आजारांची मोजदाद होईल. तरीही डॉक्टरांना मनमोकळं लिहायला एक मोठा रकाना ठेवाच. रुग्णाची खरी हकिगत अनेकदा त्यातच असते, यादीतल्या संकेतांत मावत नाही.

पायरी ५: नियम डेटाबेसच्या आत बसवा

पडद्यावरचा फॉर्म चुका अडवतो, पण डेटा फक्त फॉर्ममधून येत नाही. लॅबचं मशीन परस्पर पाठवतं, जुनी एक्सेल फाइल आयात होते, कोणी मोबाइल अ‍ॅप जोडतं. म्हणून नियम डेटाबेसमध्येच हवेत: रुग्ण नसेल तर भेट नाही, भेट नसेल तर तपासणी नाही, डिस्चार्जची वेळ अ‍ॅडमिशनच्या आधीची नाही.

बेडचं उदाहरण घ्या. दोन काउंटरवरून दोघांनी एकाच क्षणी ‘बेड १४ रिकामा’ पाहिला आणि दोघांनी दोन रुग्ण तिथे टाकले. प्रोग्रामने आधी तपासलं तरी हे घडतं, कारण तपासणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट राहते. ती डेटाबेसनेच बुजवायची: एका बेडवर एका वेळी एकच चालू नोंद, हा नियम त्याला सांगा. दुसऱ्या काउंटरची नोंद तो नाकारेल. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत तर एकमेकांवर येणारे कालावधी अडवण्याची सोयही आहे. तसंच, रुग्णाला एका बेडवरून दुसऱ्यावर हलवणं हे एकच ट्रान्झॅक्शन असू द्या. जुना बेड मोकळा होणं आणि नवा भरणं, दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. मध्येच वीज गेली तर रुग्ण अधांतरी राहता कामा नये.

मात्र वैद्यकीय आकड्यांवर फार कडक मर्यादा घालू नका. थंडीने गारठलेल्या माणसाचं तापमान २८ अंश सेल्सिअस असू शकतं. ‘अशक्य’ म्हणून नोंद अडवली तर सिस्टर नाइलाजाने ३५ लिहितील आणि तुमच्या डेटाबेसने त्यांना खोटं लिहायला लावलेलं असेल. विचित्र आकड्याला ‘खात्री आहे का?’ एवढंच विचारा.

पायरी ६: काही पुसू नका

चुकीची नोंद खोडायची नाही. तिच्यावर ‘रद्द’ अशी खूण करायची, कारण लिहायचं आणि दुरुस्त नोंद पुढे जोडायची. चुकीच्या रिपोर्टवर विसंबून सकाळी कोणी औषध दिलं असेल, तर त्याने तेव्हा काय पाहिलं हे नंतर दाखवता आलं पाहिजे.

प्रत्येक नोंदीला दोन वेळा ठेवा: घटना कधी घडली आणि ती कधी लिहिली. धावपळीच्या रात्री इंजेक्शन ११ वाजता दिलं जातं आणि नोंद १ वाजता होते. एकच वेळ ठेवली तर पुढचा डोस दोन तास उशिरा जाईल.

पायरी ७: कोणाला काय दिसेल ते ठरवा

हक्क माणसागणिक देत बसू नका, कामानुसार द्या. बिलिंगला रक्कम दिसावी, एचआयव्हीचा निकाल दिसू नये. प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन हवं. वॉर्डातल्या संगणकावर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली दिसली तर सिस्टरांना दोष देण्याआधी लॉगिनला किती वेळ लागतो ते मोजा. दिवसातून शंभरदा अर्धं मिनिट कोणाकडे नसतं. कार्ड टेकवून दोन सेकंदांत उघडेल अशी सोय केली की चिठ्ठ्या आपोआप जातात.

आणीबाणीसाठी एक दार ठेवा: हक्क नसलेल्या डॉक्टरला कारण लिहून फाइल उघडता यावी, आणि तसं उघडल्याची नोंद दुसऱ्या दिवशी कोणीतरी तपासावी. तपासणारा ठरलेला नसेल तर दार सताड उघडंच राहतं. प्रशिक्षणासाठी खऱ्या रुग्णांचा डेटा कधीही वापरू नका.

पायरी ८: साधनं निवडा

इथे फार अडकू नका. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, कोणत्याही मुरलेल्या प्रणालीवर हे काम होतं. सगळं शून्यातून लिहिण्यापेक्षा मुक्त स्रोतातली तयार साधनं आधी पाहा: ओपनएमआरएस, त्यावर उभारलेलं बाहमनी, किंवा पोस्टग्रेसवर चालणारं जीएनयू हेल्थ. एक्स-रे आणि सीटीच्या प्रतिमा डेटाबेसच्या टेबलांत भरू नका. त्या डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या ठराविक स्वरूपात पॅक्सवर, म्हणजे प्रतिमा साठवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवा आणि टेबलात फक्त त्यांचा पत्ता ठेवा. दुसऱ्या रुग्णालयाशी देवाणघेवाण करायची असेल तर एचएल७ संस्थेचं फायर हे मानक समजणारी प्रणालीच घ्या. आणि महिनाअखेरचे मोठे अहवाल मुख्य डेटाबेसवर चालवू नका, त्याच्या प्रतीवर चालवा. अहवालापायी वॉर्डाचा पडदा गोठायला नको.

पायरी ९: बंद पडण्याची तयारी

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनच्या आरोग्यसेवेतली अनेक रुग्णालयं अडवली. हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या, कर्मचारी पुन्हा कागद-पेनावर आले. त्या व्हायरसने वापरलेली विंडोजमधली फट बुजवणारा अपडेट दोन महिने आधीच निघाला होता.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक इमारतीबाहेर. एक तरी प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी, नाहीतर व्हायरस तिच्यापर्यंतही पोहोचतो. आणि दर महिन्याला बॅकअप रिकाम्या मशीनवर रिस्टोर करून पाहा. घड्याळ लावून किती वेळ लागला ते लिहा. दोन रुग्णांच्या फायली उघडून शेवटच्या नोंदी ताडून पाहा. ‘बॅकअप यशस्वी’ हा संदेश फक्त फाइल तयार झाली एवढंच सांगतो.

कागदाचीही तयारी ठेवा. दर काही तासांनी प्रत्येक वॉर्डाची यादी एका साध्या संगणकावर आपोआप साठली पाहिजे: बेड, रुग्ण, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, पुढच्या डोसची वेळ. या संगणकाला बॅटरी आणि थेट जोडलेला प्रिंटर द्या. कोरे छापील फॉर्म त्याच्याच शेजारच्या खणात.

पायरी १०: एका वॉर्डापासून सुरू करा

सगळं रुग्णालय एका रात्रीत बदलू नका. ज्या वॉर्डातल्या सिस्टर सर्वांत जास्त तक्रारी सांगतात तिथून सुरुवात करा, कारण त्यांनाच काम बारकाईने माहीत असतं. जुन्या रजिस्टरांतून सगळंच टाइप करायची गरज नाही. सध्या अ‍ॅडमिट असलेले रुग्ण, त्यांच्या अ‍ॅलर्जी आणि चालू औषधं आधी घ्या. ही माहिती दोघांनी स्वतंत्रपणे भरा आणि ताडून पाहा. कागद आणि संगणक दोन्ही समांतर फार दिवस चालवू नका. दोन्हीकडे लिहायचं ओझं पडलं की दोन्हीकडे अर्धवट लिहिलं जातं.

पहिला आठवडाभर रात्रपाळीला तिथे बसा. हातात एक वही असू द्या. कोणता पडदा उघडताना सिस्टर उसासा टाकतात, कोणती गोष्ट त्या अजूनही हातावर लिहून घेतात, कोणता प्रश्न डॉक्टर संगणकाऐवजी शेजारच्याला विचारतात, हे टिपा. सकाळी घरी जाण्याआधी त्यातली एक तरी गोष्ट दुरुस्त करून जा.