पांदणीच्या नकाशावरची चर्चा अडते कुठे? या चुका टाळा

ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या तालुक्याचा नकाशा भरायला चार-सहा जण एकत्र आले, की डांबरी रस्ते, शाळा, पाण्याच्या टाक्या भराभर चढतात. मग पांदणी (शेतांकडे जाणारे कच्चे रस्ते), पोड (आदिवासी वस्त्या) आणि रिठी म्हणजे उजाड गावांची पाळी येते. तिथे काम थांबतं आणि वाद सुरू होतो. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या या नकाशात कुणीही भर घालू शकतो, कुणीही दुसऱ्याचं बदलू शकतो. गावपातळीवर शेवटचा शब्द देणारा मालक नाही, म्हणून बोलून ठरवणं हा कामाचाच भाग आहे. यवतमाळ-वर्ध्याकडच्या गटांत चर्चा कुठे अडते ते पाहत आलो आहे, त्यातलं नेहमीचं इथे लिहितो.

महिना न सांगता रस्त्याबद्दल बोलणं

सगळ्यात जास्त वेळ यात जातो. एक जण म्हणतो, पांदण टणक आहे, ट्रॅक्टर आरामात जातो. दुसरा म्हणतो, गुडघाभर चिखल आहे, "जुलैत येऊन तं पाय बावा!" दोघंही खरं सांगत असतात. आपली काळी माती एप्रिलात भेगा पडून कडक होते आणि पावसात फुगून बंडीच्या चाकाला चिकटते. ओपनस्ट्रीटमॅपचा मूळ नियम असा की जमिनीवर जे आहे तेच नकाशावर यावं. पण आपल्याकडे एकाच जमिनीवर वर्षात दोन वेगळे रस्ते असतात, हे वादात कुणाच्या लक्षात राहत नाही.

म्हणून गटात एक शिस्त लावा. रस्त्याबद्दल बोलायचं तर कुठून कुठवर गेलो, कोणत्या महिन्यात, पायी की दुचाकीवर की बंडीत, आणि मुरूम टाकलेला आहे की नुसती माती, एवढं सांगायचं. जमलं तर एक फोटो. शेतरस्त्यासाठी नकाशात ‘ट्रॅक’ हा प्रकार आहे आणि त्याच्या टणकपणाच्या १ ते ५ अशा ग्रेड आहेत. १ म्हणजे पक्का किंवा चांगला दाबलेला, ५ म्हणजे मऊ मातीचा. नुसत्या काळ्या मातीची पांदण मी चौथ्या-पाचव्या ग्रेडमध्येच धरतो, उन्हाळ्यात ती कितीही चांगली वाटो. रात्री पोडावरून बाळंतिणीला आणायला निघालेल्या गाडीवाल्याला पावसाळ्यातली परिस्थिती कळणं जास्त गरजेचं आहे.

व्याख्या न वाचता भांडणं

‘अनक्लासिफाइड’ या प्रकारावरून हमखास गोंधळ होतो. नवीन माणसाला वाटतं, ज्याचा प्रकार माहीत नाही तो रस्ता यात टाकायचा. प्रत्यक्षात हा गावाला गाव जोडणाऱ्या छोट्या सार्वजनिक रस्त्यांचा प्रकार आहे. असा वाद दिसला की मत देण्याआधी प्रकल्पाच्या विकीवरची, म्हणजे त्याच्या माहितीपानांवरची, व्याख्या सगळ्यांसमोर ठेवा. बहुतेक वेळा तिथेच संपतं.

गुगलच्या नकाशावर असं दाखवतं, हा मुद्दाही चर्चेत आणू नका. तिथून उतरवून घेण्याची परवानगीच नाही, त्यामुळे तो पुरावा म्हणून चालत नाही.

सोप्या प्रश्नावर सगळ्यांनी तुटून पडणं

ब्रिटिश इतिहासकार पार्किन्सन यांनी १९५७ साली एका काल्पनिक समितीचं उदाहरण दिलं होतं. अणुभट्टीचा खर्च ती काही मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर मात्र लांबलचक खल करते, कारण शेड सगळ्यांना कळते. फ्रीबीएसडी या संगणकप्रणालीच्या प्रकल्पातल्या पॉल-हेनिंग काम्प यांनी १९९९ मध्ये तेच उदाहरण आपल्या सहकाऱ्यांपुढे ठेवलं. आपल्या गटांत ही शेड म्हणजे गावाच्या नावाची वेलांटी. ऱ्हस्व की दीर्घ यावर पन्नास संदेश पडतात आणि पोडांची नावं कोण विचारून आणणार याला एकही उत्तर येत नाही. पर्यायी नाव, जुनं नाव, बोलीतलं नाव यांना नकाशात वेगळे रकाने आहेत. पाटीवरचं मुख्य नावात, बाकीची आपापल्या रकान्यात, असं करून पुढे चला.

गप्प बसले म्हणजे कबूल, असं धरणं

मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्पांत रीत अशी आहे की प्रस्ताव मांडायचा, साधारण ७२ तास थांबायचं आणि कुणी हरकत घेतली नाही तर संमती धरायची. तिथे ती चांगली चालते. आपल्याकडे तशीच्या तशी उचलली तर पेरणीच्या दिवसांत ७२ तासांत निम्म्या लोकांनी फोनसुद्धा उघडलेला नसतो. कापूस वेचणीतही तेच. वीज आणि नेटवर्क जातं ते वेगळंच. आठ दिवस द्या, आणि मृग लागल्यावर मोठे निर्णय काढूच नका.

शिवाय गटात शाळेतले सर असतात, तलाठी असतात, वडीलधारे असतात. सर बोलले की मुलं गप्प बसतात. ती आदरापोटी गप्प असतात आणि आपण त्याला होकार समजतो. नाल्यावरचा रपटा (ठेंगणा पूल) वाहून गेल्याचं रोज तिकडून जाणाऱ्या पोरीला माहीत असतं, पण सरांनी पूल लिहिलाय म्हटल्यावर ती बोलत नाही. यावर मला दिसलेला उपाय एकच: वडीलधाऱ्यांनी शेवटी बोलायचं, आणि चर्चा चालवणाऱ्याने त्या वाटेने जाणाऱ्याला नाव घेऊन विचारायचं, "तू कधी गेली होतीस तिकडून? काय दिसलं?" मत विचारलं तर संकोच होतो, काय दिसलं ते विचारलं तर माणसं सांगतात.

न बोलता बदल उलटवणं

दुसऱ्याची रेघ पटली नाही म्हणून पुसली, त्याने पुन्हा काढली, याने पुन्हा पुसली. प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो आणि बदलसंचाखाली, म्हणजे एकदम जतन केलेल्या बदलांच्या नोंदीखाली, चर्चा करण्याची सोय आहे. आधी तिथे विचारा, उत्तराला वेळ द्या. हे थांबलंच नाही तर प्रकरण प्रकल्पाच्या डेटा वर्किंग ग्रुपकडे, म्हणजे असे वाद हाताळणाऱ्या गटाकडे, जातं आणि हा गट वाद घालणाऱ्याचं खातं काही काळ रोखूही शकतो.

ठरलेलं लिहून न ठेवणं

नवीन माणूस आला की जुना वाद पुन्हा उघडतो, कारण काय ठरलं ते कुठे लिहिलेलंच नसतं. निर्णय, तारीख आणि कारण, तीन ओळी पुरे. कारण सोडू नका. परिस्थिती बदलली तर त्यावरूनच कळतं की विषय पुन्हा काढायला हवा का.

असं न झाल्यास काम करणारी माणसं थकतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गीडो व्हॅन रॉसम जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णय देण्याच्या भूमिकेतून बाजूला झाले. त्याआधी भाषेत एक नवीन चिन्ह आणण्यावरून प्रदीर्घ वाद झाला होता आणि प्रस्ताव मंजूर होऊनही ते थकले होते. आपल्या गटात उन्हातान्हात पांदणी तुडवून माहिती आणणारी दोन-तीनच माणसं असतात. त्यांना प्रत्येक रेघेसाठी वाद घालावा लागू नये.

इतकं करूनही ग्रेडवर एकमत झालं नाही, तर रस्ता ‘ट्रॅक’ म्हणून काढा आणि ग्रेडचा रकाना रिकामा ठेवा. पावसाळ्यात कुणी तिकडून गेलं की तो भरता येतो.