चालणं सुरू, तेल कमी, तरी आकडे हलेनात? या चुका टाळा

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नेमाने फेऱ्या मारणाऱ्या अनेकांची तक्रार एकच असते: पोट तसंच, बीपीही तसंच. अशा वेळी नेम सोडण्याआधी मोजमाप तपासावं. चूक बहुधा तिथेच सापडते.

दहा हजार पावलांचा हट्ट

हा आकडा दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा लक्षात राहायला सोपा, म्हणून चिकटला. २०२२ मध्ये १५ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा साठीपुढच्या लोकांत सहा ते आठ हजार पावलांपर्यंत मृत्यूचा धोका घटत गेलेला दिसला, तर साठीच्या आतल्यांत आठ ते दहा हजारांपर्यंत. त्यापुढे फारसा फरक नव्हता. आजींची पाच हजार होत असतील, तर आणखी हजार-दोन हजार वाढवावीत. दहा होत नाहीत म्हणून घरी बसणं हा निव्वळ तोटा.

खरी गफलत उरलेल्या दिवसात होते. सकाळी तासभर चाल, मग अंबड-सातपूरच्या ऑफिसात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर आठ तास बैठक, आणि रात्री जेवून थेट सोफा. साठीपुढच्या, साखर वाढण्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांवर २०१३ मध्ये एक छोटा अभ्यास झाला. रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला एकदम ४५ मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालणं सरस ठरलं. म्हणून शतपावली शंभर पावलांवर थांबवू नका.

वेग असा हवा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. घोळक्याने गप्पा मारत चाललं की हा वेग हमखास पडतो. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना काम द्या: हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, मध्ये थांबून असं तीनदा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. हृदयविकार असेल तर पहाटे पाचचा हट्ट सोडून ऊन पडल्यावर निघा.

चमचा नको, डबा मोजा

'आमच्याकडे तेल कमीच असतं' हे प्रत्येक घरात ऐकू येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आदर्श ताटात दोन हजार कॅलरींमागे दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे, म्हणजे चहाचे साधारण सहा चमचे. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा या हिशेबाने सहा आठवडे पुरायला हवा. डब्यावर फोडल्याची तारीख लिहा, महिन्यात उत्तर मिळेल. रविवारची तर्रीदार मिसळ या डब्यात धरलेली नाही, हेही ध्यानात असू द्या.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आहे. चौघांना महिन्याला फार तर ६०० ग्रॅम, आणि त्यात लोणचं, पापड, चिवडा, फरसाण सगळं आलं. सैंधव वापरलं म्हणून सुटका नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच.

बीपीचं मशीन आणि घाई

सर्वांत जास्त चुका इथे होतात. जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधतात, शर्टाच्या बाहीवरून बांधतात, मोजताना फोनवर बोलतात. यातली प्रत्येक गोष्ट आकडा वर नेऊ शकते. नीट पद्धत अशी:

- आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी, व्यायाम नको. लघवीला जाऊन या.
- पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको.
- दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीत. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा फुगतो. मोठा पट्टा मागून घ्या.
- मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा.

असं सात दिवस, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. एकच आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करणं ही यादीतली सर्वांत महाग चूक. १८०/१२० च्या वर आकडा दिसला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर लगेच डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं यातलं काही असेल तर दुसऱ्या मोजणीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

कंबर मात्र मिनिटात मोजून होते. पँटीच्या पट्ट्याजवळ नव्हे, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा. श्वास सोडा, पोट आत ओढू नका. भारतीय पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर वजनकाटा काहीही सांगो, साखर तपासून घ्या.