भूक नसताना उघडणारा डबा : घरी वजन उतरवताना या चुका टाळा

वजन उतरवायचे ठरवून घरच्या घरी आहार आखणारी माणसे जेवणाच्या ताटावर सहसा कसोशीने लक्ष ठेवतात. पोळ्या मोजल्या जातात, भात कमी होतो, वरणावरचे तूप बंद होते. एवढे करूनही महिनाअखेर काटा जागचा हलत नाही, तेव्हा दोष पोळीला दिला जातो किंवा ‘आमच्या घराण्यातच आहे’ असे म्हणून विषय मिटवला जातो. दुपारी साडेतीन ते साडेपाच या वेळात स्वयंपाकघरात किती फेऱ्या झाल्या, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही, कारण येता-जाता तोंडात टाकलेले आपण खाणे म्हणून धरतच नाही. तळलेल्या पोह्यांचा चिवडा मूठभर घेतला तर तो साधारण ३० ग्रॅम भरतो आणि त्यातून सुमारे १५० किलोकॅलरी मिळतात. अशा तीन मुठी झाल्या, की आठवड्याला अर्धा किलो वजन उतरावे म्हणून दिवसभर मन मारून साधलेली ४००-५०० किलोकॅलरींची तूट भरून निघते.

मराठीत या खाण्याला ‘तोंडाला चाळा’ असा नेमका शब्द आहे. चाळा म्हणजे रिकामेपण सोसवत नाही म्हणून केलेली हालचाल. कोणी पेनाचे टोपण उघडझाप करतो, कोणी डबा उघडतो. या खाण्यामागे उणीव असते ती उद्योगाची, आणि आपण उपाय शोधत राहतो ते अन्नात. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका याच एका घोटाळ्यातून निघतात.

कंटाळ्याला भूक समजणे, आणि भुकेला कंटाळा

खरी भूक हळूहळू चढते आणि समोर येईल त्या अन्नाने शमते. कंटाळा एकाएकी उठतो आणि त्याला ठरावीक काहीतरी हवे असते. ते बहुधा कुरकुरीत, खारट किंवा गोड असते. म्हणून डब्याला हात लावण्यापूर्वी स्वतःला विचारावे : सकाळची पोळी-भाजी उरली आहे, ती आत्ता खाईन का? उत्तर ‘हो’ असेल, तर भूक खरी आहे. पोळी-भाजी वाढून घ्यावी आणि बसून खावी. ‘पोळी नको, काहीतरी चटपटीत हवे’ असे उत्तर आले, तर तो चाळा आहे असे समजायला हरकत नाही.

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. सहभागी व्यक्तींना एकदा तासभर एक माहितीपट दाखवण्यात आला, तर दुसऱ्यांदा अवघ्या ८५ सेकंदांची एकच चित्रफीत तासभर पुन्हा पुन्हा दाखवण्यात आली. जवळ चॉकलेटच्या गोळ्या ठेवलेल्या होत्या, आणि कंटाळवाण्या तासात त्या अधिक खाल्ल्या गेल्या. इथपर्यंत नवल नाही. प्रयोगाच्या दुसऱ्या भागात मात्र गोळ्यांऐवजी स्वतःला विजेचा सौम्य झटका देण्याची सोय ठेवली होती, आणि कंटाळलेल्या माणसांनी तीही अधिक वापरली. जी गरज चॉकलेटने भागते आणि विजेच्या झटक्यानेही भागते, तिला भूक म्हणता येणार नाही.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते, आणि उत्साही मंडळी तिला अधिक बळी पडतात. सकाळी नुसता चहा, दुपारी वाटीभर कोशिंबीर आणि अर्धी भाकरी एवढ्यावर राहिल्यानंतर चार वाजता पोटात कालवाकालव झाली, तर ती खरी भूक असते. मनाला दोष देऊन ती मिटत नाही. दोन्ही जेवणांत उसळ, घट्ट वरण, दही, पनीर, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी पुरेसे असावे, म्हणजे मधला काळ सुसह्य होतो. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : भुकेबरोबर हात थरथरणे, घाम फुटणे किंवा छातीत धडधडणे असे होत असेल, तर रक्तातील साखर उतरलेली असू शकते. तेव्हा लगेच साखर खावी, जमल्यास रक्तातील साखर तपासून पाहावी आणि नंतर डॉक्टरांशी बोलावे.

‘पौष्टिक’ चाळा

दुसरी चूक शेव-फरसाण बंद करून त्या जागी तुपावर परतलेले मखाणे, भाजलेले शेंगदाणे, खजूर, बदाम-काजू किंवा ‘डाएट’ असे छापलेला चिवडा आणण्याची आहे. शेंगदाणे चांगलेच असतात, परंतु ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे २८० किलोकॅलरी मिळतात आणि टीव्हीसमोर बसून ५० ग्रॅम शेंगदाणे संपायला जाहिरातींचा वेळही पुरतो. मखाणे हलके असतात हे खरे, पण ते परतताना घातलेले तूप हलके नसते. चहाच्या चमचाभर तेला-तुपामागे सुमारे ४५ किलोकॅलरी धराव्या लागतात. पाकिटावर पुढच्या बाजूला काय छापले आहे ते सोडून मागच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे किती ऊर्जा दिली आहे ते वाचावे, म्हणजे डाएट चिवडा आणि साधा चिवडा यांच्यात पुष्कळदा किती थोडे अंतर असते हे कळते.

तोंडाला काही हवेच असेल तर काकडी, गाजर, मीठ-जिरे घातलेले पातळ ताक, कोरड्या चुरमुऱ्यांची किंवा ज्वारीच्या लाह्यांची एक वाटी हे पर्याय खरोखर हलके आहेत. तरीही माझे मत असे, की पदार्थ बदलल्याने सवय मोडत नाही. दर अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात जाण्याचे लागलेले वळण काकडीवर कायम राहिले, तर दिवाळीचा फराळ घरात आल्यावर तेच वळण चकलीच्या डब्याकडे नेते.

एकादशी आणि दुप्पट खाशी

आपल्याकडे ही म्हण उपवासाच्या साबुदाणा खिचडीवरून थट्टेने वापरली जाते, पण घरी वजन उतरवणाऱ्यांच्या सर्वांत महागड्या चुकीचे वर्णन तिच्यात आहे. आवडीच्या सगळ्या पदार्थांवर एका सोमवारी बंदी घालायची, चार दिवस निग्रहाने काढायचे आणि शुक्रवारी रात्री अर्धा डबा संपवायचा, हे चक्र अनेक घरांत वर्षानुवर्षे फिरत असते.

अतिकडक निर्बंधांनी मनाचे काय होते, हे अमेरिकेत १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली झालेल्या उपासमारीच्या प्रयोगात फार स्पष्ट दिसले. महायुद्धानंतर युरोपातील भुकेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे, हे समजून घेण्यासाठी ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. काही काळाने त्यांचे बोलणे आणि विचार अन्नाभोवतीच फिरू लागले. एरवी पाककृतींशी संबंध नसलेले काही जण पाककृतींची पुस्तके जमवून वाचू लागले. आपण घरी इतके टोक गाठत नाही, परंतु दिशा तीच असते : जितके कमी खावे, तितका रिकामा वेळ अन्नाच्या विचाराने भरतो.

आपल्या जुन्या दिनक्रमात या अडचणीवर तोडगा होता, आणि तो आपण विनाकारण सोडून दिला. ‘मधल्या वेळचे’ हे खाणे ठरावीक वेळी, ठरावीक प्रमाणात आणि बसून व्हायचे. साडेचारला एक वाटी भडंग किंवा एक फळ ठरलेले असेल, तर साडेतीनच्या कंटाळ्याला ‘अजून तासभर थांब’ असे सांगता येते. काहीच ठरलेले नसेल, तर प्रत्येक वेळी नव्याने वाद घालावा लागतो आणि थकलेले मन वादात हरते. आवडीचा पदार्थही याच वेळेत बसवावा. शनिवारी दोन चकल्या मिळणार आहेत हे ठाऊक असले, की बुधवारी डबा फारसा खुणावत नाही.

डबा हाताशी ठेवणे

घरून काम करणाऱ्यांचे टेबल आणि स्वयंपाकघर यांच्यात बहुधा दहा पावलांचेही अंतर नसते, आणि पारदर्शक बरण्यांच्या हौसेने ते अंतर आणखी कमी केले आहे. घरात मुले आहेत, पाहुणे येतात, सासूबाई चिवडा करतात. त्यामुळे ‘घरात काही आणूच नका’ हा सल्ला एकट्या राहणाऱ्यालाच परवडतो. इतरांनी खाऊ स्टीलच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवावा, आणि सासूबाईंना आपला बेत मोकळेपणाने सांगावा. न सांगता नकार दिला, तर तो चिवड्याला दिलेला नकार राहत नाही.

डब्यातून थेट खाऊ नये, वाटीत घ्यावे, हे खरेच. या संदर्भात ‘लहान ताटली वापरा, आपोआप कमी खाल’ असेही सांगितले जाते. त्याला मोठी प्रसिद्धी देणारे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे तेव्हाचे प्राध्यापक ब्रायन वॉन्सिंक यांचे अनेक शोधनिबंध मागे घेण्यात आले आणि २०१८ मध्ये विद्यापीठाने त्यांच्या संशोधनात गैरप्रकार झाल्याचे जाहीर केले, त्यामुळे ताटलीच्या मापावर फारशी भिस्त ठेवू नये. वाटी घ्यायची ती तिला तळ असतो म्हणून. संपले की दिसते, आणि पुन्हा घ्यायचे तर उठावे लागते.

चहाचे निमित्त

कंटाळ्याचे सर्वांत सभ्य रूप म्हणजे चहा. दोन चमचे साखरेचे चार कप झाले, की ४० ग्रॅम साखर आणि १६० किलोकॅलरी पोटात गेल्या. दूध आणि सोबतची खारी-बिस्किटे वेगळी. राष्ट्रीय पोषण संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे दिवसाला साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा टाळायलाही सांगतात. दोन कपांवर यावे, उरलेल्या वेळी बिनसाखरेचा कोरा चहा घ्यावा आणि बिस्किटाचा पुडा कपाशेजारी आणू नये.

कंटाळ्यावर मोबाइलचा उतारा

मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते ते या चुकीबद्दल, कारण ती उपाय म्हणून केली जाते. खाऊ नये म्हणून माणूस मोबाइल उघडतो किंवा मालिका लावतो. पडद्यावर डोळे गुंततात, पण एक हात आणि तोंड मोकळे राहते आणि लक्ष दुसरीकडे असल्यामुळे किती खाल्ले हेही उमगत नाही. चाळा मोडायचा तर हात आणि मन दोन्ही अडकतील असे काम हवे. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा खेळ तीन मिनिटे खेळायला दिला, तेव्हा खाण्याची व इतर गोष्टींची तीव्र इच्छा कमी झाल्याचे त्यांना आढळले. त्यांचे स्पष्टीकरण साधे आहे : हव्याशा पदार्थाचे चित्र मनात उभे राहायला मनाचा जो भाग लागतो, तोच भाग ठोकळ्यांनी व्यापलेला असतो. एक्सेटर विद्यापीठातील प्रयोगांत पंधरा मिनिटांच्या भरभर चालण्यानेही चॉकलेटची ओढ कमी झालेली दिसली.

घरच्या मापाने पाहिले, तर मेथी निवडणे, लसूण सोलणे, शब्दकोडे सोडवणे, विणकाम, पेटीवर एक पलटा दहा वेळा वाजवणे, झाडांच्या कुंड्या उकरणे, गच्चीवर फेऱ्या मारणे अशी कितीतरी कामे आहेत. (शेंगा सोलण्याचे काम मात्र यादीत घेऊ नये, निम्मे दाणे ताटात पडतच नाहीत.) यादी आधीच कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावावी, कारण कंटाळलेल्या माणसाला काय करावे हे सुचत नाही, हेच तर कंटाळ्याचे लक्षण आहे. कामे दोन मिनिटांत सुरू होणारी असावीत. ‘कपाट आवरेन’ हा बेत डब्याच्या झाकणापुढे टिकत नाही.

पदार्थ लिहिणे, वेळ न लिहिणे

नोंदवही ठेवणारे पदार्थ आणि कॅलरी लिहितात. त्यापेक्षा पंधरा दिवस केवळ तीन गोष्टी लिहाव्यात : किती वाजता खाल्ले, त्याआधी काय चालले होते, आणि पोळी-भाजीच्या प्रश्नाचे उत्तर काय होते. माझ्या वहीत बहुतेक नोंदी दोनच जागी गोळा झाल्या; एक दुपारी अवघड मजकूर लिहायला बसताना आणि दुसरी रात्री दहानंतर. पहिली खरे तर कामाची टाळाटाळ होती, आणि ती काम लहान तुकड्यांत मोडल्यावर बरीच कमी झाली. दुसरीवर कोणताही पदार्थ चालला नाही. आठला जेवून साडेबारापर्यंत जागायचे, तर मध्ये साडेचार तास उरतात आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीची भूकही वाढते. तिथे उपाय अकराला दिवा मालवण्याचाच निघाला.

वहीतल्या काही नोंदी मात्र निराळ्या असू शकतात. थोड्या वेळात भराभर खूप खाल्ले जाते, थांबता येत नाही, इतरांपासून लपवावेसे वाटते, किंवा दोन आठवडे कशातच मन लागत नाही, अशा नोंदी वारंवार दिसल्या तर तो कंटाळ्याचा प्रकार राहत नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनाशुल्क बोलता येते.

पंधरा दिवसांनी मधले खाणे खरोखर घटलेले दिसत असेल आणि तीन-चार आठवड्यांनंतरही वजन तसेच असेल, तर चाळ्याच्या मागे लागणे थांबवून तेलाच्या बुधलीकडे पाहावे. घरात माणशी महिना एक लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे २७० किलोकॅलरी केवळ फोडणी आणि तळणातून जात आहेत, आणि त्या कोणत्याही वहीत उतरलेल्या नसतात.