‘स्वान लेक’चं रेकॉर्डिंग कसं निवडावं

‘स्वान लेक’ या बॅलेचं, म्हणजे नृत्यनाट्याचं, संगीत ऐकायचं ठरवून कुठल्याही ॲपवर नाव टाकलं की रेकॉर्डिंगची रांगच लागते. सगळ्यांवर रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचं नाव असतं आणि बहुतेकांवर पांढरा हंस. आतलं संगीत मात्र एकच नसतं. माझ्या हाती पहिल्यांदा आलेली सीडी निवडक भागांची होती. तळ्याकाठचा प्रसंग ऐन रंगात आला आणि पुढचा ट्रॅक एकदम राजवाड्यातल्या मेजवानीचा निघाला. कितीतरी महिने मी तेवढ्यालाच ‘स्वान लेक’ समजत होतो. म्हणून कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंद चालवणारा कोण, ऑर्केस्ट्रा कुठला हे नंतर बघू. आधी आत काय आहे ते पाहून घ्या.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे एकूण वेळ. पंचवीस-तीस मिनिटं दिसली तर तो ‘सूट’, म्हणजे पाच-सहा गाजलेले तुकडे. तासभर असेल तर ‘हायलाइट्स’. चारही अंक पूर्ण असतील तर सव्वादोन ते अडीच तास लागतात. माझं मत विचाराल तर पूर्णच घ्या, हवं तर रोज एक अंक ऐका. ओबो या फुंकवाद्यावर एकटी, हळवी वाजणारी हंसांची धून शेवटच्या अंकात सगळ्या ऑर्केस्ट्रानिशी उसळते, तेव्हा मधला प्रवास ऐकलेला असावा लागतो.

आता आवृत्ती. इथेच सगळा घोळ होतो. हा बॅले मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरात १८७७ मध्ये रंगमंचावर आला. चायकोव्हस्की १८९३ मध्ये गेला आणि १८९५ मध्ये पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात पेतिपा आणि इवानोव या नृत्यदिग्दर्शकांनी तो नव्यानं बसवला. त्यासाठी तिथला कंडक्टर रिकार्डो ड्रिगो यानं संगीतात काटछाट केली, काही भाग इकडचे तिकडे हलवले आणि चायकोव्हस्कीच्याच पियानोच्या तीन रचना ऑर्केस्ट्रासाठी लिहून आत घातल्या. रंगमंचावर आजही बहुतेक ठिकाणी या १८९५ च्या प्रयोगाचाच आधार घेतात. त्यामुळे प्रयोग पाहून आलेला माणूस काळ्या हंसिणीचं नृत्य तिसऱ्या अंकात शोधतो आणि पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये त्याचं बरंचसं संगीत पहिल्या अंकात, क्रमांक ५ वर सापडतं. चायकोव्हस्कीनं ते तिथेच लिहिलं होतं. ट्रॅकची यादी उघडून एवढी एक जागा तपासली तरी आवृत्ती कळते.

रंगमंचावर पाहिलेलंच पुन्हा ऐकायचं असेल तर कंडक्टर गेर्गिएव आणि मारिन्स्कीच्या ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग घ्या. चायकोव्हस्कीनं लिहिलं तसं हवं असेल तर द्युत्वा आणि माँट्रियल सिंफनी, प्रेविन आणि लंडन सिंफनी (१९७६), किंवा यार्वी आणि बर्गन फिलहार्मोनिक, यांपैकी एक.

यातलं आपलं कुठलं, हे कानांनीच ठरवायचं. त्यासाठी दुसऱ्या अंकातल्या क्रमांक १३ चा पाचवा भाग काढा आणि तेवढाच दोन-तीन रेकॉर्डिंगमध्ये लागोपाठ ऐका. आधी फुंकवाद्यांचे दबके स्वर येतात, मग हार्प एकटीच वरखाली झुळझुळते आणि मग व्हायोलिन बोलू लागतं. हंस झालेली ओडेट आणि राजपुत्र यांचं हे प्रेमाचं नृत्य आहे. व्हायोलिन नुसतं गोड असून भागत नाही, दोन वाक्यांमध्ये त्यानं श्वास घेतला पाहिजे. थोड्या वेळानं तीच धून चेलो हे खालच्या सुराचं तंतुवाद्य उचलतं आणि व्हायोलिन तिच्याभोवती बारीक नक्षी काढत राहतं. दोघं एकमेकांचं ऐकताहेत असं वाटलं तर ते रेकॉर्डिंग घ्यावं. प्रेविनकडे हे व्हायोलिन इडा हेंडेलचं आहे, यार्वीकडे जेम्स एनेसचं. मला हेंडेलचा किंचित गहिरा, दुखरा सूर जास्त भिडतो. शेवटाकडेही कान ठेवा. मूळ रचनेत हा तुकडा अखेरीस एकाएकी वेग घेतो, ड्रिगोनं तिथे शांत शेवट केला आहे.

याच्या अगदी आधीचा चौथा भाग म्हणजे हंसांच्या चार पिल्लांचं नृत्य. त्यात खालच्या सुरांत बॅसून हा फुंकवाद्याचा प्रकार ठुमकत असतो. तो स्पष्ट ऐकू आला पाहिजे, आणि लय इतकी पळती नको की हातात हात गुंफलेल्या चार मुलींना पावलं टाकताच येऊ नयेत. स्टुडिओत समोर नर्तक नसतात, त्यामुळे कंडक्टरला मोकळीक असते. नाट्यपद मैफलीत वेगळं फुलतं, तसंच हे. एखाद्या वॉल्ट्झला, म्हणजे गिरक्यांच्या नृत्याला, ही मोकळीक शोभते, पिल्लांना नाही.

राहिला शेवटचा प्रसंग. वादळात पितळी वाद्यं कडाडतात, तेव्हा तंतुवाद्यं त्यांच्याखाली गाडली जात नाहीत ना, ते बघा. रोझदेस्तव्हेन्स्कीच्या जुन्या सोव्हिएत रेकॉर्डिंगमधला ट्रम्पेटचा थरथरता, धारदार सूर काहींना कर्कश वाटतो. मला त्या वादळात तोच हवासा वाटतो. क्रमांक २८ आणि २९ एकसंध वाजतात, म्हणून ॲपमध्ये दोन ट्रॅकमधली शांतता बंद करण्याची सोय असेल तर ती आधीच लावून ठेवा.