घरात बंदूक घ्यायचीच असेल, तर ती पत्नीच्या हातांनी निवडावी

मराठवाड्यात घराच्या संरक्षणासाठी बंदूक घेणारा माणूस सहसा ती दुकानात स्वतःच्या खांद्याला लावून पाहतो, स्वतःच्या नावावर परवाना काढतो आणि घरी आणून कपाटात ठेवून देतो. परंतु ज्या रात्री तिची गरज पडण्याचा संभव असतो, त्या रात्री तो पुष्कळदा घरीच नसतो. थ्री फेजची लाइट रात्री येते म्हणून तो रानात पाणी देत असतो, कापूस घेऊन मोंढ्यात मुक्कामी असतो किंवा नोकरीनिमित्त परगावी असतो. घरी असतात त्याची पत्नी, लहान मुले आणि म्हातारी माणसे. म्हणून बंदुकीची निवड पत्नीच्या उंचीने, तिच्या हाताच्या बळाने आणि सर्वांत आधी तिच्या संमतीने व्हावी, असे माझे ठाम मत आहे. ते मत व्हायला मला फार उशीर लागला.

जिंतूर तालुक्यात आमचे घर गावापासून दीड किलोमीटरवर, आखाड्यावर म्हणजे शेतातल्या वस्तीवर आहे. वडिलांच्या पश्चात त्यांची दोन नळ्यांची बारा बोर बंदूक रीतसर माझ्या परवान्यावर आली आणि घराला आधार झाला, असे मी अकरा वर्षे समजत राहिलो. एका रात्री मी परभणीला असताना गोठ्यात माणसे शिरली. पत्नीने दाराला आतून कडी आणि अडसर लावला, शेजारच्या आखाड्यावर फोन केला, तिथून चार जण बॅटऱ्या घेऊन धावत आले आणि चोर एक शेळी घेऊन पळाले. दुसऱ्या दिवशी मी बंदुकीचा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, “अहो, लायसन तुमच्या नावाचं. अन् मला ती उघडता तरी येते का?” मी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून माझ्यासमोर तिच्या हातात दिली. तिने वरचा खटका अंगठ्याने बाजूला दाबला, नळ्या मोडण्यासाठी, म्हणजे सांध्यावर खाली वाकवून उघडण्यासाठी, मांडीचा आधार घेऊन जोर लावला, तरी बंदूक उघडेना. मागचा लाकडी दस्ता खांद्याला लावताना काखेत अडकला आणि चापापर्यंत बोट नेण्यासाठी तिला मान पुढे ताणावी लागली. रोज दहा-बारा भाकरी थापणारे ते हात कमजोर मुळीच नव्हते; बंदूकच तिच्या मापाची नव्हती.

निवडीकडे वळण्यापूर्वी बंदूक घरात यावी की नाही, हा प्रश्न दोघांनी बसून सोडवला पाहिजे. घरात कोणी दारू पित असेल, कोणी कर्जाच्या किंवा नापिकीच्या ओझ्याने खचलेला असेल, कोणी पूर्वी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केलेली असेल, तर त्या घरात बंदूक आणू नये, हे मी कोणतीही सवलत न ठेवता सांगतो. आपल्या भागाने अशी किती घरे पाहिली आहेत, हे वेगळे सांगायला नको. पती-पत्नीत मारहाणीपर्यंत जाणारी भांडणे होत असतील, तरीही उत्तर तेच आहे. पत्नीला बंदुकीची मनापासून धास्ती वाटत असेल, तर तिला समजावत बसण्यापेक्षा मजबूत दार, खिडक्यांना गज, अंगणात हालचालीबरोबर लागणारा दिवा, एक चांगला कुत्रा आणि ११२ क्रमांकाची सवय यांवर तोच पैसा खर्च करावा. या गोष्टी बंदूक घेणाऱ्यांनाही आधी कराव्याच लागतात, कारण चोराला दाराशी दोन मिनिटे अडवले तरच आतल्या माणसाला काही करायला वेळ मिळतो.

परवान्याबाबत एक गैरसमज गावोगाव आढळतो. नवऱ्याचा परवाना असला की घरातल्या कोणीही बंदूक चालवावी, असे लोक धरून चालतात. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना व्यक्तीला मिळतो, घराला नाही. परवाना नसलेल्या माणसाला परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने शस्त्र नेण्याची जी मुभा कायद्यात आहे, ती दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी आहे. पती बाहेरगावी असताना पत्नीने बंदूक वापरावी यासाठी नाही. म्हणून पत्नीने स्वतःच्या नावाने स्वतंत्र अर्ज करावा. वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. जिल्ह्यात परवाना जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी देतात, तर छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे अर्ज तिथे जातो. पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी यांची तयारी ठेवावी. घरात आधीच असलेले शस्त्र पत्नीच्या परवान्यावर कोणत्या पद्धतीने नोंदवता येईल, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत लेखी अर्ज देऊन विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. टेबलावरच्या तोंडी उत्तरावर विसंबून राहू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे.

अर्जात कारण खरे आणि नेमके लिहावे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यात आले. कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांमुळे खऱ्या गरजूंचे अर्जही आता संशयाने पाहिले जातात. घर वस्तीपासून किती अंतरावर आहे, पूर्वी चोरीची फिर्याद दिली आहे का, पती किती रात्री बाहेर असतात, हे पुराव्यासह मांडावे. शिवाय कायद्याच्या कलम १३ मध्येच एक फरक केलेला आहे: संरक्षणासाठी २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची साधी छऱ्यांची बंदूक (बारा बोर याच प्रकारातली) आणि इतर शस्त्रे यांना वेगवेगळी कसोटी लावली जाते, आणि रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलासाठी अधिक सबळ कारण दाखवावे लागते. निवड करताना ही गोष्ट पहिल्यापासून लक्षात ठेवावी.

आता प्रत्यक्ष शस्त्राविषयी. पहिल्या दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने पत्नीकडे पाहून लगेच एक छोटे, हलके रिव्हॉल्व्हर पुढे केले आणि ‘लेडीजसाठी हेच बरे’ असे सांगितले. हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. शस्त्र जितके हलके, तितका त्याच काडतुसाचा धक्का हाताला अधिक बसतो; नळी जितकी आखूड, तितका नेम धरणे कठीण. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे आहे. पर्समध्ये वागवायला ते सोयीचे असेल, परंतु घरात ठेवायच्या शस्त्राला पर्समध्ये मावण्याची गरजच नसते. पत्नीने त्या दुकानातले रिकामे रिव्हॉल्व्हर हातात घेतले, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एका तारखेवर नेम धरला आणि चाप ओढला. पहिल्यांदा तिने तो कसाबसा ओढला. तिसऱ्या वेळी दुसऱ्या हाताचे बोट मदतीला आले. पाचव्या वेळी नळीचे टोक एका तारखेवरून पुढच्या आठवड्यावर गेले. ही परीक्षा प्रत्येकाने घ्यावी. दुकानदाराची परवानगी घेऊन, शस्त्र रिकामे असल्याचे दोघांनी डोळ्यांनी पाहून, घोडा न चढवता सलग सहा वेळा चाप ओढायचा आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरण्याचा उंचवटा, जागची किती हलते, ते पाहायचे. ती फार हलत असेल, तर ते शस्त्र त्या हातांसाठी नाही.

रिव्हॉल्व्हरची बाजू अशी की ते समजायला सोपे आहे: एखादे काडतूस फुटले नाही, तर पुन्हा चाप ओढला की पुढचे येते. पिस्तुलात मात्र वरची सरक मागे ओढून सोडावी लागते, मॅगझिन नीट बसवावी लागते, सेफ्टीचा खटका लक्षात ठेवावा लागतो आणि काडतूस अडकले तर ते काढण्याचा सराव लागतो. सरक ओढायला जोर लागतो, आणि सांधे दुखणाऱ्या स्त्रीला ते अवघड जाते. लातूर किंवा संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नियमित सराव करू शकणाऱ्या आणि परवाना मिळण्याजोगे कारण असलेल्या जोडप्याने ०.३२ चे (हा आकडा नळीच्या इंचांतल्या व्यासाचा) पूर्ण वजनाचे रिव्हॉल्व्हर विचारात घ्यावे. एक सावधगिरी मात्र हवी. ०.३२ चे रिव्हॉल्व्हर आणि ०.३२ चे पिस्तूल यांची काडतुसे वेगवेगळी असतात. आकडा तोच दिसला म्हणून एकाची दुसऱ्यासाठी घेऊ नयेत. ०.३१५ ची रायफल घरासाठी घेऊच नये. तिची गोळी चोराच्या आणि भिंतीच्याही पलीकडे फार दूर जाते.

गावातल्या आणि रानातल्या घरांसाठी मला बारा बोरची दोन नळ्यांची बंदूकच योग्य वाटते. परवान्याची कसोटी तुलनेने सोपी आहे, दुरुस्ती करणारे मिळतात आणि पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची काडतुसे देशभर चालतात. बंदूक मोडली की ती भरलेली आहे की रिकामी, हे दिव्याच्या उजेडात एका नजरेत कळते, आणि दोन माणसांनी वापरायच्या शस्त्रात याहून मोठा गुण नाही. एक नळीची बंदूक स्वस्त आणि हलकी म्हणून घेऊ नये, कारण हलकेपणामुळे ती खांद्याला जोरात लागते, आणि पहिलाच बार केल्यावर खांदा काळानिळा झालेली स्त्री दुसऱ्यांदा बंदुकीला हात लावत नाही. सरावासाठी कमी भाराची, बारीक छऱ्यांची काडतुसे घ्यावीत.

माप घ्यायची रीत सोपी आहे. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवावे. तर्जनीचे पहिले पेर सहज चापावर आले, तर माप बरोबर. बाजारातल्या बंदुकीचा दस्ता चापापासून साधारण १४ ते साडेचौदा इंच असतो, आणि तो आपल्याकडच्या पुष्कळ स्त्रियांना लांब पडतो. दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून आम्ही दस्ता सव्वा इंच कापून घेतला, टोकाला रबरी पॅड बसवले आणि कडक झालेला मोडणीचा सांधा साफ करून मोकळा करून घेतला. उंच माणसाला आखूड दस्ता थोड्या सवयीने चालतो, ठेंगण्या माणसाला लांब दस्ता कधीच चालत नाही. दोघांत एकच बंदूक असेल, तर माप लहान हातांचे घ्यावे. मात्र कापायचे ते लाकूड. परवानगीवाचून नळी आखूड करणे हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे गुन्हा आहे. त्याऐवजी लांब बंदूक घेऊन आपल्याच घरात फिरून पाहावे. जुन्या माळवदाच्या घरात चौकटी बुटक्या असतात, माजघरातून ओसरीवर येताना नळी चौकटीला अडते, आणि हे दुकानात कळत नाही.

घराच्या भिंती कशाच्या आहेत, यावर काडतुसाची निवड अवलंबून असते. दगडमातीची हातभर जाडीची भिंत छऱ्यांना पुरून उरते. पत्र्याची खोली, प्लायवूडचा आडोसा किंवा लाकडी दार मोठ्या छऱ्यांना अडवत नाही. त्यामुळे मुले कुठे झोपतात, सासूबाईंची खाट कोणत्या बाजूला असते, गोठा कुठे आहे, हे कागदावर काढून कोणत्या दिशेने कधीही बार करायचा नाही, हे दोघांनी आधीच ठरवावे. पत्नीची जागा एकच असावी: मुलांना घेऊन आतली खोली, दार बंद, फोन सुरू, बंदूक दाराच्या रोखाने आणि बोट चापाच्या बाहेर. गोठ्यातल्या जनावरासाठी तिने अंधारात बाहेर पडू नये. हवेत इशाऱ्याचा बारही करू नये.

कायदाही हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध हा हक्क काही परिस्थितीत जीव घेण्यापर्यंत जातो, पण कलम ३७ प्रमाणे गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच उरत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीवर बार करणे हे संरक्षण नव्हे. ही कलमे पत्नीने स्वतः मराठीत वाचलेली असावीत. वरातीत किंवा जत्रेत हवेत बार करणाऱ्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हेही घरातल्या तरुण मुलांच्या कानावर घालावे.

सराव फक्त मान्यताप्राप्त रेंजवर करावा. जिल्ह्याच्या रायफल संघटनेकडे चौकशी करावी, आणि जवळ सोय नसेल तर वर्षातून दोनदा तरी लांब जाण्याची तयारी ठेवावी. शिकवणारा शक्यतो पती नसावा. नवरा शिकवायला लागला की आवाज चढतो आणि पत्नी चूक विचारायचे थांबते. आमच्याकडे एका निवृत्त जवानाने शिकवले आणि मला अर्धा दिवस रेंजच्या बाहेर बसवले. त्याने तिला पहिले दोन तास एकही काडतूस दिले नाही. बंदूक उघडणे, नळीतून आरपार उजेड पाहणे, बंद करणे, एवढेच करून घेतले.

ठेवण्याची व्यवस्था बंदूक आणण्यापूर्वीच करावी. भिंतीत बोल्टने पक्के केलेले कुलुपाचे लोखंडी कपाट असावे, काडतुसांसाठी वेगळा कुलुपाचा डबा असावा आणि किल्ल्या फक्त परवानाधारकांकडे असाव्यात. देवघरातल्या कोनाड्यात, उतरंडीमागे किंवा गादीखाली ठेवलेली बंदूक मुलांना पहिल्या आठवड्यातच सापडते. आमच्याकडे पत्नीच्या कमरेच्या जुडग्यात पेटीच्या आणि कोठीच्या चाव्यांबरोबर ती किल्ली असते, आणि माझ्याकडची दुसरी मी बाहेरगावी जाताना बरोबर नेतो. वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर नळ्यांना तेलाचा बोळा फिरवावा, काडतुसांच्या पितळेवर हिरवट गंज आला आहे का ते पाहावे, परवान्याच्या मुदतीची तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी आणि निवडणूक जाहीर झाल्यावर शस्त्र जमा करण्याचा आदेश निघाला, तर पोलीस ठाण्यात देऊन त्याची पोच पत्नीच्या नावाच्या फायलीत लावावी.