चीनला जाताय? मग काय वाचायचं आणि कसं वाचायचं

2025 च्या जुलैपासून आपल्याला चीनचा टुरिस्ट व्हिसा परत मिळायला लागलाय, त्यामुळे "चीनला चाललोय, आधी काय वाचू?" हे विचारणारे खूप भेटतात. बहुतेक जण चीनच्या इतिहासाचा एखादा ठोकळा विकत आणतात, हान, तांग, सोंग, मिंग करता करता साठाव्या पानावर डुलकी लागते आणि तिथेच संपतं. तसं नका करू. तिकिटं काढून झाली की गावांची यादी समोर घ्या आणि प्रत्येक गावाचं पुस्तक शोधा. घराण्यांची नावं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, माणसं राहतात.

आता बघा, शांघायला जाणार असाल तर तिथून साधारण दीड तासावर शाओशिंग आहे, फास्ट ट्रेनने, लेखक लू शून यांचं गाव. त्यांची 'खोंग यीजी' ही 1919 ची कथा चहा निवेपर्यंत वाचून होते, इंग्रजी अनुवाद नेटवर सापडतो. गावातला दारूचा गुत्ता, आखूड कपड्यातले मजूर काउंटरपाशी उभ्या उभ्या पिणार, लांब झगेवाले आत बसून, सोबत खाणं मागवून. आणि हा खोंग यीजी म्हणजे झगा घालून उभ्यानं पिणारा एकमेव माणूस! शिकलेला, पण सरकारी नोकरीची परीक्षा पास नाही, खिशात दमडी नाही, झगा फाटलाय तरी सोडवत नाही. शेवटी दुकानाच्या फळ्यावर त्याची 19 नाण्यांची उधारी तेवढी उरते. कथेतल्या गुत्त्याच्याच नावाचा शिएनहंग गुत्ता आजही शाओशिंगमधे चालतो, दारात खोंग यीजीचा पुतळा, आत तांदळाची गरम पिवळी दारू आणि मसाल्यात उकडलेले बाकल्याचे दाणे, कथेत तो खातो तेच. कथा न वाचता गेलात तर ते नुसतंच गर्दीचं हॉटेल. 2023 मधे तिकडच्या बेकार पदवीधरांनी स्वतःला खोंग यीजी म्हणायला सुरुवात केली, डिग्रीचा झगा उतरवता येत नाही म्हणून. पुण्यातल्या अभ्यासिकेत बसणाऱ्याला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

यांगत्से नदीकडे, म्हणजे छोंगछिंगला जात असाल तर पीटर हेसलरचं 'रिव्हर टाउन'. हा अमेरिकन 1996 ते 98 तिथून जवळच्या फूलिंग या नदीकाठच्या गावात इंग्रजी शिकवत होता. पण इथे एक सवय लावून घ्या, पुस्तक कुठल्या साली आलं ते आधी बघा. हे आलं 2001 ला, 2003 पासून थ्री गॉर्जेस धरणाचं पाणी चढायला लागलं आणि त्यातल्या फूलिंगचा बराच भाग बदलला. नदीच्या पात्रात दगडावर कोरलेले मासे होते, पूर्वी फक्त हिवाळ्यात पाणी उतरलं की दिसायचे, आता एस्कलेटरने पाण्याखालच्या म्युझियममधे जाऊन काचेतून बघायचे. म्हणजे माणसं कशी वागतात बोलतात यासाठी जुनं पुस्तक बिनधास्त वाचा, पण पैसे कसे द्यायचे, तिकीट कुठे काढायचं यासाठी अजिबात नको, तिकडे सगळं क्यूआर कोडवर चालतं.

शिआनला ह्युएन त्संगाचा पॅगोडा आहेच. त्याच्या भारतप्रवासावर रचलेली जुनी चिनी कादंबरी 'जर्नी टू द वेस्ट' पूर्ण 100 अध्यायांची आहे, टूरिस्टने आर्थर वेलीचं छोटं 'मंकी' वाचावं, बास झालं. त्यातला ह्युएन त्संगाचा सोबती वानर पोस्टर, खेळणी, गेम सगळीकडे भेटतो. खरा ह्युएन त्संग पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला होता, इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान केलेल्याला सोडत नाहीत असं लिहून ठेवलंय त्याने. 😄

चंगडूसाठी फुशिया डनलॉपचं 'शार्क्स फिन अँड सिचुआन पेपर', ती तिथल्या स्वयंपाकाच्या शाळेत शिकली. व्हेजिटेरियन असाल तरी वाचा, ताटात काय येऊ शकतं ते आधी कळलेलं बरं.

कुठल्याच गावाला न चिकटलेलं एकच पुस्तक सांगेन, चिनी समाजशास्त्रज्ञ फेई शियाओथोंग यांचं 'फ्रॉम द सॉइल'. 1940 च्या दशकातलं, बारीकसं. त्यांचं म्हणणं, तिथली नाती पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखी, मधे स्वतः माणूस आणि जसजसं बाहेर जाल तसतशी जबाबदारी पातळ. म्हणून तर रांगेत ढकलणारा माणूस, ओळखीच्या ओळखीतून भेटलात की दिवसभर तुम्हाला फिरवतो आणि बिलाला हात लावू देत नाही.

मराठीत हवं असेल तर मीना प्रभूंचं 'चिनी माती', आणि भारतीय नजरेनं बीजिंग बघायचं तर पल्लवी अय्यरचं 'स्मोक अँड मिरर्स'. जुनी झालीत दोन्ही, तरी आपल्याला पडतात तेच प्रश्न त्यांनाही पडलेत.

जायच्या आधी दोनच वाचा, तिसरं ट्रेनमधे. आणि ईबुक घेणार असाल तर इथूनच डाउनलोड करून न्या, तिकडे गूगल चालत नाही.